कोयता खाली ठेव

मित्रांनो, मी एक जुना कोयता आहे. जन्मभर मासे कापले, त्यामुळे माझी गोष्टही तुकड्यांनीच येईल. सलग मागू नका.

डोके

साकीनाक्याच्या एका गाळ्यात ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा तापवून मला घडवले. घण बसत होते तेव्हा मी ओरडलो असेन. तिथे सगळेच ओरडते, कोणी लक्ष दिले नाही.

मला विकत घेतले वेसाव्याच्या सगुणाने. ती बाजारात मासे विकायची. सुरमईचे तुकडे मी इतके सफाईने पाडायचो की शेजारच्या कोळणी म्हणत, "सगुणे, कोयता हाय का आरसा?"

तिच्या घरात एक रीत होती. धारेची वस्तू हातातून हातात द्यायची नाही. एकाने खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. सगुणाची मुलगी विनिता लहानपणी मला उचलून पुढे करायची, तेव्हा मनगटावर चापट बसे.

"खाली ठेव गो! हातात दिला का वैर येतं."

विनिता हे इतके पक्के शिकली, की मी तिच्या हातात असताना कोणी हात पुढे केला की तिची बोटे आपोआप सैल पडत आणि ती वाके.

हे वाकणे लक्षात ठेवा.

पोट

विनिता मोठी झाली. अंधेरीला सुबोध सरांकडे ती इटालियन ऑपेरा शिकू लागली. आवाज सुंदर होता, पण उभी राहायची कोरसमध्ये, मागच्या रांगेत.

सर काय शिकवत, तालमीत काय घडले, ते मी पुढे ऐकले. पूर्वी ऑपेरात राजे आणि देव असत. मग इटलीतल्या काही संगीतकारांनी गाडीवान, खेडुत, गरीब बायका रंगमंचावर आणल्या. त्यांचा मत्सर आणला, त्यांचे खून आणले. गाणेही बदलले. नुसता गोड सूर पुरेना. आवाज छातीतून ढकलायचा, सुराच्या मध्येच हुंदका घ्यायचा, आणि कधी सूर सोडून सरळ किंकाळी.

सरांनी असाच एक नवा खेळ बसवायला घेतला. त्यात एक मासेवाली होती. नवरा संशयाने वेडा होतो आणि तिच्या हातातला सुरा हिसकावतो. ही मुख्य भूमिका विनिताला मिळाली. त्या दिवशी तिने घरी पापलेट तळले आणि आईला स्वतःच्या हाताने भरवले.

तालमीत तिने लिहिल्याप्रमाणे हुंदका घेतला. सरांनी पियानो थांबवला.

"हे काय? मांजर शिंकली?"

"सर, हुंदका सुरावर बसवायचा, गळा राखून. तुम्हीच सांगितलंत ना?"

"ते बाकीच्यांसाठी गं. तू कोळणीची पोर. तुला अभिनय कशाला? बाजारात ओरडतेस तशी ओरड."

सगळे हसले. तिच्यासोबत शिकणारी भाविका सर्वांत मोठ्याने हसली, कारण विनिता नाही म्हणाली तर भूमिका तिची होती.

विनिता नाही म्हणाली नाही.

"आणि खेळाच्या दिवशी लाकडी सुरी नको," सर म्हणाले. "आईचा कोयता आण. खरा."

मधला तुकडा

जुहूचे सभागृह, पहिला खेळ. दिवे. मी विनिताच्या मुठीत. पहिल्या रांगेत नवी साडी नेसून सगुणा.

नवऱ्याचे काम करणारा निमेश गात पुढे आला. त्याने हात पुढे केला.

विनिताची बोटे सैल पडली. ती वाकली.

निमेशला सुरा हिसकावायचा होता. त्याने हिसकावला.

मूठ त्याच्या हाती गेली आणि मी विनिताच्या सैल तळहातावरून धारेने ओढला गेलो. मित्रांनो, मला फरक कळत नाही. सुरमई असो वा माणूस, मी सारखाच लागतो.

विनिता किंचाळली.

टाळ्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. फक्त सगुणा मंचाकडे धावली. "लागलं गो माझ्या पोरीला!" मागून कोणीतरी म्हणाले, "आजी, बसा ना, नाटक आहे."

पडदा पडल्यावर सर आत आले. विनिताच्या हाताला फडके गुंडाळणे चालले होते, तिकडे त्यांनी पाहिलेही नाही.

"झकास! हाच आवाज. पुढच्या प्रत्येक खेळाला हाच पाहिजे."

शेपूट

हात बरा झाला. गळा नाही. तो आवाज पुन्हा आणण्यासाठी सर तालमीत तिला रोज ओरडायला लावत. नाही जमले की म्हणत, "देऊ का कोयता?" एका सकाळी विनिताने आईला हाक मारायला तोंड उघडले आणि नुसती हवा आली. डॉक्टरांनी स्वरतंतूंवर गाठी दाखवल्या आणि गाणे बंद म्हणून सांगितले.

खेळ थांबला नाही. भूमिका भाविकाला गेली. पहिल्या खेळाचे ध्वनिमुद्रण होते. आता भाविका फक्त तोंड उघडते आणि ध्वनिक्षेपकातून विनिताची किंकाळी येते. लोक अजून उभे राहतात.

मला न्यायला सगुणा आली. सरांनी मला पुढे केले, पाते तिच्याकडे.

"घ्या मावशी. आमचं काम झालं."

"खाली ठेव."

"अहो, घ्या ना! त्यात काय?"

सगुणाने त्यांच्याकडे पाहिले. मग हात पुढे केला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला दुसऱ्याच्या हातातून घेतले.

सर हसले. त्यांना ही रीत ठाऊक नव्हती.

मित्रांनो, तुम्ही तरी धार कोणाच्या हातात देऊ नका. खाली ठेवा, समोरच्याला उचलू द्या. सगुणा आता मला रोज पहाटे दगडावर घासते. बाजारात माशांना एवढी धार लागत नाही.