मंचाची झाली टेबलं

मित्रांनो, आज तुम्ही ज्यांच्यावर कोपरं टेकून हमरीतुमरीवर येता, ती गोल टेबलं म्हणजे मीच: मोठ्या वर्गात फळ्याखाली असायचा, तो जुना लाकडी मंच.

सुताराने मला घडवलं तेव्हा तो म्हणाला होता, "असा भक्कम केलाय, की यावर उभा राहील त्याचा शब्द खाली पडायचा नाही!" वर्षानुवर्षं मी प्राध्यापकांना वीतभर उंच केलं. वर व्याख्यान चालायचं, खाली माना डुलायच्या. समजून की झोपेने, कुणी विचारलं नाही.

मग पदार्थविज्ञानाच्या बाई आल्या. त्या माझ्यावरून खाली उतरल्या आणि त्यांनी माझ्यावर पेला ठेवला. काठोकाठ पाणी, त्यात तरंगता बर्फ.

"बर्फ वितळल्यावर पाणी सांडेल, खाली जाईल की तेवढंच राहील? हात वर करा. आता शेजाऱ्याला पटवा. मी सांगितलं तर ते माझं राहील, तुम्ही पटवलंत तर तुमचं होईल."

वर्गाचा बाजार झाला. शेजारच्या वर्गांतून तक्रारी गेल्या. प्राचार्यांनी बजावलं, "एक तास स्वतः पाहतो. नाही पटलं, तर उद्यापासून मुकाट्याने मंचावर उभं राहून शिकवायचं."

ते आले तेव्हा माझ्यावर बाई नाहीत, नुसता पेला, आणि गोंगाट टिपेला.

"या वर्गाला कुणी वाली आहे की नाही?"

"आहे की सर!" मागच्या बाकावरून, मुलींच्या घोळक्यातून बाईंनी हात वर केला. "बसा ना. तुमचं मत काय?"

प्राचार्य पेल्याजवळ गेले. बर्फ वितळला होता आणि पेल्याखाली ओलं कडं उमटलं होतं. "मत कसलं? सांडलंय की!"

बाईंनी नुसतं मुलांकडे पाहिलं. ते पाणी काठावरून आलेलं नाही, हे मला ठाऊक होतं. पण मला वाचा कुठली!

तेवढ्यात एक बुटकी मुलगी पुढे आली. तिने आपल्या बाकावरचा, बर्फ घातलेला दुसरा पेला आणला, अर्धाच भरलेला. त्याच्याही बाहेर थेंब जमले होते.

"सर, यालाही घाम फुटलाय. हा कुठून सांडला?"

प्राचार्यांनी पहिला पेला पुसला, डोळे काठाच्या पातळीवर आणले. पाणी काठोकाठ, तेवढंच! "म्हणजे हे हवेतलं... अरे वा! पटलं मला!" ते लहान मुलासारखे हसले. "बाई, गोंगाट चालू ठेवा. आणि हा मंच आता हवाय कशाला?"

करवत आली तेव्हा माझी पाचावर धारण बसली. पण माझी टेबलं झाली, आणि मित्रांनो, तेव्हा कळलं, की उंची गेली आणि माणसं जवळ आली. पुढे एकेक करून सगळ्याच वर्गांतले मंच निघाले.

बाई आता नाहीत. परवा त्यांची मुलगी येऊन गुपचूप कोपऱ्यात बसली. ती कोण, हे मुलांना माहीत नव्हतं.

"ताई, नुसतं बघायचं नाही हं इथे. हात वर करा!"

तिने केला. चुकीच्या उत्तराला. मग सगळ्या टेबलाने मिळून तिला पटवलं, आणि ती हसली, अगदी बाईंसारखी.

मला पॉलिश नको, मित्रांनो. खुशाल भांडा, चुका, पटवा. फक्त उठताना पेल्याखालचं पाणी तेवढं पुसा. ओल मुरली तर लाकूड फुगतं, आणि मला अजून पुष्कळ भांडणं ऐकायची आहेत.