इगेलिपने होडी हलवली

प्रशांत महासागरातल्या सातावाल बेटावर भाऊ बसलेला असला, की बहिणीने त्याच्यापुढून ताठ मानेने जायचं नाही. वाकून जायचं, नाहीतर सरळ रांगायचं. लेमायला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पण होडीसाठी नीरफणसाचं झाड पाडताना तिच्या थोरल्या भावाचा, इगेलिपचा, पाय मोडला आणि तो दिवसभर बसूनच राहू लागला. बिचारीचे गुडघे सोलवटून निघाले.

तिचं खरं दुखणं मात्र निराळंच होतं. वादळाने बेटावरच्या सगळ्या होड्या फोडल्या होत्या, नवी अजून अर्धवट होती, आणि तिकडे लामोत्रेक बेटावर, आत्याकडे दत्तक दिलेल्या तिच्या लेकीचे दिवस भरत आले होते. बाळ-बाळंतिणीला लावायची हळद बांधून लेमाय किनाऱ्यावर नुसती तळमळत होती.

अशात गोऱ्यांचं जहाज आलं. त्यावर बाल्तासार नावाचा एक लेखक होता. माणूस भला, पण चौकशा किती! तुमचा राजा कोण, दात काळे कशाने, माणसं खाता का? गावातला पाक्वाल गोऱ्यांच्या ताब्यातल्या ग्वाहान बेटावर राहून आलेला, त्याला त्यांची बोली येत होती. तो दुभाष्या झाला आणि माणसं खाण्याबद्दल त्याने मनाला येईल ते ठोकून दिलं. लेमायने पाक्वालच्या मागे लकडा लावला, तेव्हा कप्तान कबूल झाला: वाट नीट दाखवलीत तर लामोत्रेकवरून जाऊ, बाईला सोडू.

वाट दाखवणार कोण? इगेलिपच. त्याच्या तोडीचा दर्यावर्दी आसपासच्या बेटांत नव्हता. त्याने वाळूत खडे मांडले, काही बेटांचे, कडेने ताऱ्यांचे. मधोमध करवंटीचा तुकडा, ती होडी. मग तो बेटांचा एकेक खडा सरकवू लागला. सातावाल मागे गेलं, बाजूचं बेट एका ताऱ्याखालून दुसऱ्या ताऱ्याखाली सरकलं, लामोत्रेक पुढून आलं. होडी जिथल्या तिथे.

बाल्तासारने लिहिलेलं खोडलं. पुन्हा दाखवायला सांगितलं. पुन्हा बेटं चालली. "या समुद्रातली बेटं तरंगतात," असं त्याने लिहून टाकलं. कप्तानाने ते ऐकलं मात्र, त्याचा चेहरा उतरला. हलत्या बेटांच्या मागे जहाज घालायला मी खुळा नाही, म्हणाला, आणि नांगर उचलायला सांगून मोकळा झाला.

 लेमाय वाळूतून रांगत भावापाशी आली.

"दादा, तू खडे ठेव जागेवर. होडी हलव."

इगेलिप भडकला. "होडी हलते होय? बापाने मला हे शिकवलं? होडीत बसलेल्याला काय दिसतं? बेटंच येतात आणि जातात. खोटं दाखवू मी?"

"दाखव."

"मेलेला बाप काय म्हणेल?"

"पणतवंड झालं का, ते विचारेल आधी."

इगेलिपने खडे पुन्हा जागेवर मांडले. मग त्याने पाक्वालला दरडावलं की गावात कुठे बोललास तर याद राख. आणि जन्मात पहिल्यांदा त्याने करवंटी उचलली, खड्यांमधून चालवत लामोत्रेकला नेऊन टेकवली. बाल्तासारने आनंदाने मांडीवर थाप मारली आणि कप्तानाला पुन्हा राजी केलं.

निघताना लेमायने भावाच्या पायाशी वाकून बांधलेल्यातली थोडी हळद त्याच्या हातांना लावली. रडू तिने आवरलं नाही. त्यानेही नाही, पण त्याने वाळू डोळ्यांत गेल्याचं सांगितलं.

जहाज सुटलं. लेमाय कठड्याला धरून उभी राहिली, आणि बघते तर काय, आपण केवढ्या उंचावर! खाली किनाऱ्यावर इगेलिप बसलेला. आणि दादाचंच खरं होतं. जहाज जागच्या जागी होतं, सातावालच चाललं होतं, इगेलिपला घेऊन.

ती पटकन खाली बसली, डोकं फळ्यांना टेकवलं, आणि बेट पुरतं दिसेनासं होईपर्यंत उठली नाही.

बाल्तासारने तिच्याकडे कळवळून पाहिलं, पाण्याचा पेला आणून ठेवला आणि वहीत लिहिलं: इथल्या बायकांना जहाज फार लागतं.