पाठीला पोक असलेले घर

मित्रांनो, मी एक जुने दगडी घर आहे आणि माझ्या पाठीला पोक आहे. ते पोक म्हणजे माझी पावाची भट्टी. मला बांधणारा गवंडी हुशार होता. आतली जागा अडू नये म्हणून त्याने भट्टीचा घुमट मागच्या भिंतीबाहेर काढला. भट्टीच्या वर पिठाची खोली ठेवली. खालच्या उबेने पीठ वर्षभर कोरडे राही. रस्त्याकडे पाव विकायची रुंद खिडकी केली. तिचा दगडी काठ गिऱ्हाइकांच्या कोपरांनी इतका गुळगुळीत झाला, की मांजर त्यावरून घसरे.

भट्टी लावणारे शेवटचे माणूस म्हणजे आत्या. सगळे गाव तिला आत्याच म्हणे. तिच्या पावाचा वास सुटला की मुलांचे पाढे चुकतात, अशी मास्तरांची तक्रार होती. तक्रार करायला आलेले मास्तर जाताना दोन पाव घेऊन जात.

पुढे आत्याचे गुडघे थकले. भट्टीचे तोंड विटांनी बंद झाले, वर गिलावा चढला. आत्या पुढच्या खोलीत राहू लागली आणि वीस वर्षे माझी पाठ गार पडली.

गेल्या वर्षी आत्याची भाची नवऱ्यासह कायमची राहायला आली. दोघे मला आवडले, पण त्यांना मोठे, सरळ स्वयंपाकघर हवे होते. त्यासाठी बोलावलेल्या मिस्त्रीने माझ्या पोकावर थाप मारली.

"हे उगाच बाहेर आलंय. पाडून टाकू. दोन दिवसांचं काम."

त्याला थांबवावेसे वाटले. पण मला बोलता कुठे येते?

आत्या काठी टेकत आली. "पाडा खुशाल," ती म्हणाली. "फक्त आधी वर जाऊन पिठाच्या खोलीची तुळई कशावर टेकलीय ते बघा. मी तोवर बाहेर उभी राहते. माझं अजून जगायचं वय आहे."

मिस्त्री वर गेला तो बराच वेळ आलाच नाही. खाली आला तेव्हा घाम पुसत होता.

"तुळई धुराड्यावर आणि धुराडं भट्टीवर," तो हळूच म्हणाला. "हे काढलं असतं तर अख्खं घर माझ्या डोक्यावर बसलं असतं."

"मग आता काय करायचं, आत्या?" भाचीने विचारले.

"काय म्हणजे? पीठ मळायचं."

विटा निघाल्या. भट्टीला तडे जाऊ नयेत म्हणून चार दिवस अगदी लहान जाळ करायचा होता. पहिल्याच दिवशी धुराड्यातल्या जुन्या घरट्याने धूर अडवला आणि सगळे खोकत, काळ्या तोंडांनी बाहेर पळाले. आत्या भिंत धरून हसत होती. मिस्त्रीने धुराडे साफ केले.

पाचव्या दिवशी पाव भाजले. एका बाजूने करपले, दुसरीकडून कच्चे. भाचीचा चेहरा पडला. आत्याने करपलेला तुकडा मोडून तोंडात टाकला.

"माझा पहिला घाणा याहून वाईट होता," ती म्हणाली. "बाबांनी त्यातला एक पाव दाराला अडसर म्हणून लावला होता."

आता आठवड्यातून दोनदा भट्टी पेटते. सर्वांत आधी येणारे गिऱ्हाईक म्हणजे मिस्त्री.

मित्रांनो, जुन्या घरातली एखादी गोष्ट तुम्हाला विचित्र वाटेल, आडवी येईल. ती पाडण्यापूर्वी त्या घरात राबलेल्या माणसाला एकदा विचारा. माझे म्हणाल तर मला फार काही नको. पावसाआधी कौले चाळा, भिंतींना चुना द्या आणि भट्टी गार पडू देऊ नका. एवढ्यावर मी तुमच्या नातवंडांनाही ऊब देईन.