बेबीचा आवाज

बेबीला पन्नासावं लागलं होतं, तरी अजून सगळे तिला बेबीच म्हणायचे. भाजीवाला म्हणायचा, बँकेतला साहेब म्हणायचा, आणि काडीमोड घेताना नवराही "बेबी, सांभाळून राहा" म्हणूनच गेला. सहाव्या वर्षी एका सिनेमात तिने ताट सरकवून "आधी बाबा हसू देत, मग मी जेवेन!" म्हटलं आणि थिएटरभर रुमाल निघाले. पुढे नायिका म्हणून उभी राहिली, तर लोकांना वाटायचं, या पोरीला आता झोपायला पाठवा कुणीतरी! पडद्यावर दिसून बारा वर्षं झाली होती. आणि पुन्हा एकदा, एकदाच दिसायचं, एवढाच ध्यास बाईंनी घेतला होता.

आता खरं सांगायचं तर ते वाक्य तिचं नव्हतंच. त्या काळी पोरं कॅमेऱ्यापुढे नुसती तोंडं हलवायची आणि नंतर स्टुडिओत एखादी मोठी बाई माइकपुढे पोर होऊन बोलायची. बेबीसाठी बोलायच्या त्या गल्लीतल्याच एक मावशी. त्यांचं नाव पडद्यावर कधी आलं नाही. बेबीचा स्वतःचा आवाज भरड, त्यामुळे नायिका झाल्यावरही निर्मात्यांनी दुसऱ्याच बायका बोलायला बसवल्या. कुणी तेच वाक्य म्हणून दाखवायला सांगितलं की बेबीचा घसा बसलेला असायचा. चव्वेचाळीस वर्षं बसला होता बिचारा.

अशात एका सकाळी फोन आला. बिस्किटांची जाहिरात होती आणि त्यांना नेमकं तेच वाक्य हवं होतं.

"मॅडम, एकदा रेकॉर्ड करून पाठवता? आवाज तसाच आहे ना, बघायचंय."

बेबी तडक मावशींकडे गेली. मावशी अठ्ठ्याहत्तरच्या, मटार सोलत बसलेल्या.

"मावशी, माझ्यासाठी एवढं कराच."

"थांब, कवळी काढू दे," मावशी म्हणाल्या. "सहा वर्षांच्या पोरीला पुढचे दात कुठले?"

आणि त्या बोळक्या तोंडातून अस्सं लाडिक पोर बोललं की बेबीच्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी निरोप आला: पसंत, गुरुवारी दहाला या.

मग काय विचारता! बेबीने केस रंगवले, भुवया कोरल्या, चार दिवस रात्रीचं जेवण सोडलं. आवाज तर पोचलाच आहे, आपण फक्त तोंड हलवायचं, आणि त्यात तिचा हात धरणारं कोण होतं? अडीअडचणीला असाव्यात म्हणून मावशींना सोबत घेतलं.

स्टुडिओ म्हणजे एक बंद खोली. भिंतींना गाद्या, मधे माइक, समोर काच. दिवे नाहीत, कॅमेरा नाही.

"अय्या, मेकअप करून आलात?" दिग्दर्शिका हसली. पोरगी गोड होती, मनात काही वाईट नव्हतं तिच्या. "अहो, आवाजच घ्यायचाय फक्त. चेहरा हिचा आहे." तिने काचेपलीकडचा पडदा दाखवला. त्यावर सहा वर्षांची एक मुलगी ताट सरकवत होती, तोंड हलवत होती. छान हलवत होती.

बेबीच्या कानांवर हेडफोन चढवला गेला. मावशी खाली मान घालून पिशवीचे बंद चाळवत होत्या. त्या काही म्हणजे काही बोलणार नव्हत्या, आजवर कुठे बोलल्या होत्या? बेबीला स्वतःची भयंकर लाज वाटली. तिने हेडफोन काढला आणि मावशींच्या डोक्यावर ठेवला.

"आवाज यांचा आहे," ती म्हणाली. "पहिल्यापासून यांचाच."

दिग्दर्शिका गोंधळली, पण घड्याळ पाहून तिने हातानेच खूण केली. मावशींनी कवळी काढून रुमालात ठेवली. "आधी बाबा हसू देत, मग मी जेवेन!" काचेपलीकडे माणसं उभी राहिली. आणि मागे उभ्या असलेल्या बेबीला, किती आवरलं तरी, हुंदका फुटला.

"थांबा, थांबा," दिग्दर्शिका म्हणाली. "मॅडम, तुमचा आवाज येतोय यात. जरा बाहेर बसता का?"

बेबी बाहेर जाऊन बसली.