पातं कुणी धरलं?

भगताने नारळ ओवाळला, "हूंऽऽ!" केलं आणि ट्रॅक्टरमागचं गवत कापायचं पातं गरगर फिरलं. वटार गावच्या शेतात जमलेल्यांनी टाळ्या पिटल्या. आठवडाभर इंजिन चालायचं, पात्याकडे जाणारा दांडा फिरायचा, पातं मात्र अडायचं.

"बघितलंत?" भगत गरजला. "बाई कोंडली, पातं सुटलं! तिच्या नजरेने धरलं होतं. नवऱ्याला गिळलं, आता यंत्र गिळतेय. व्हॅलेरियनशेठ, सुनेला माहेरी धाडा. नात ठेवा, ती तुमच्या रक्ताची."

शेतालगतच्या घरात सुझान खिडकीचे गज धरून उभी होती. दाराला बाहेरून कडी. दारापलीकडे तिची छोटी लेक टिफनी रडत होती. सुझान शाळेत विज्ञान शिकवायची. सासऱ्यांनी कडी घातली तेव्हा ते कुणी विचारात घेतलं नाही.

पातं अडलं की जळका वास येई. मग भगत मंत्र म्हणत बराच वेळ काढी आणि कापून झालेल्या पट्ट्यावरच पातं फिरवून दाखवी. हे तिने खिडकीतून टिपलं होतं.

"रोनाल्ड!" तिने दिराला हाक मारली. "मी कोंडलेलीच आहे ना? आता ट्रॅक्टर दाट गवतात घाल."

"वहिनी, भगत नको म्हणतो..."

"का? त्याचं भूत गवताला भितं?"

बायका हसल्या. रोनाल्डने ट्रॅक्टर दाट गवतात घातला. पातं अडलं, धूर निघाला.

"कडी निघाली असणार!" भगत ओरडला.

व्हॅलेरियन कडी ओढून बघून आले. पक्की होती.

सुझानने गजांतून खडू फेकला. "इंजिन बंद कर. दांड्यावरच्या क्लचच्या दोन्ही भागांवरून एक सरळ रेघ ओढ. मग पुन्हा चालवून बघ."

पातं पुन्हा अडलं. इंजिन बंद करून पाहिलं, तर रेघेचा अर्धा भाग भलतीकडेच गेला होता.

"पात्याला कुणी धरलं नाही, पप्पा. क्लचच धरत नाही! दगड लागला तर गिअर तुटू नये म्हणून तो घसरतो. स्प्रिंगा सैल पडल्या, म्हणून गवतालाही घसरतोय, तापतोय. थांबलं की निवतो. मंत्राचा गुण एवढाच."

रोनाल्डने क्लच उघडून आतल्या काळ्या पडलेल्या चकत्या घासल्या, स्प्रिंगा सारख्या आवळल्या.

"गच्च पिळू नकोस," सुझान म्हणाली. "घसरलाच नाही, तर गिअर जाईल. स्प्रिंगांचं माप बघ."

पातं दाट गवतातून सरसर निघालं. भगत बांधावरून पसार झाला होता.

"चुकलं, पोरी," व्हॅलेरियन दाराशी येऊन पुटपुटले.

"आधी कडी काढा, पप्पा."

टिफनीला कडेवर घेऊन सुझान शेतात आली. पात्याकडे टक लावून पाहत राहिली. पातं फिरतच होतं.

"यंत्र अडलं तर यंत्र उघडा," ती सगळ्यांना म्हणाली. "बाई कोंडू नका."