रॉकेलच्या डब्यातून हनुवटीपर्यंत

मी दाढीचा ब्रश. जुना आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझे विरळ केस बघून तुम्ही हसणार नाही. पण मित्रांनो, आजची सकाळ अशी काही गेली आहे की खुंटीवर लटकल्या लटकल्या मला नाचावंसं वाटतंय! कधी एकदा तुम्हाला सांगतो असं झालंय.

माझे केस घोड्याच्या शेपटीचे. खरे केस, प्लास्टिकचे नव्हेत! एका कारागिराने ते धुतले, विंचरले आणि बुंध्याशी गोंद लावून शिसवी मुठीत बसवले. तिथून मी भिलाईच्या पावर हाउस बाजारात आलो आणि एका दुकानाच्या काचेमागे ऐटीत उभा राहिलो.

पन्नास वर्षं झाली त्याला. एका दुपारी तुमसरकडचा एक तरुण घाईघाईने दुकानात शिरला. त्याचं नाव शामराव. स्टील प्लांटच्या भट्टीवर त्याचा तिसराच दिवस होता आणि फोरमनने त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. कारण काय, तर दाढी! भट्टीच्या विषारी वायूला वास नसतो, म्हणून तोंडावर मास्क लावावा लागतो. गालावर दाढी असली की मास्क घट्ट बसत नाही आणि वायू आत शिरतो. शामरावांनी दहा ब्रश गालावर फिरवून पाहिले आणि मला निवडलं. होय, मलाच!

तेव्हापासून सेक्टर ६ च्या क्वार्टरमध्ये आमची जोडी जमली. पहिली पाळी असली की भोंग्याच्या आधी आम्ही आरशासमोर हजर. "चाल गा गड्या, मास्क बसला पायजे," असं म्हणून ते मला कोमट पाण्यात बुडवत. मग काय फेस काढायचो मी! काम झालं की ते मला स्वच्छ धूत, हलकेच झटकत आणि केस खाली करून खुंटीला टांगत. त्यांचे सोबती म्हणत, "शामरावची हनुवटी पाहा, आरसा आहे आरसा." ते ऐकून शामराव घरी येऊन मला सांगत, आणि मी दिवसभर फुगून बसायचो.

निवृत्तीनंतर ते भिलाईजवळच्या मरोद्यातल्या घरी राहायला आले, तरी आमचा नेम चुकला नाही. मग दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. एके दिवशी गाल कापला. त्यांनी रक्त पुसलं, मला तसंच साबणाने माखलेलं औजारांच्या पेटीत टाकलं आणि झाकण लावलं. मला फार राग आला, मित्रांनो! थरथरला होता हात, आणि शिक्षा मला? माझ्या केसांत साबण दगडासारखा घट्ट झाला. बाहेर शामरावांची दाढी वाढत गेली. त्यांनी चौकात जाणं सोडलं, मग अंगणातही बसेनासे झाले.

काल संध्याकाळी पेटी उघडली. आज विश्वकर्मा पूजा, म्हणजे औजारांची पूजा, म्हणून शामरावांची नात दामिनी औजारं साफ करायला बसली होती. ती प्लांटमध्ये फिटरचं काम शिकते. तेवढ्यात शामरावांचे भट्टीवरचे सोबती कवडूकाका स्कूटरवरून आले.

"शामराव, उद्या चौकातल्या मांडवात नारळ तुमीच फोडाचा. आपले समदे जुने लोक येऊन राहिले."

"मी नाही येत गा. पाय दुखून राहिले."

"पाय दुखते का दाढीची लाज वाटते?"

कवडूकाका गेल्यावर दामिनी म्हणाली, "आबाजी, मी करून देते ना दाढी."

"दुसऱ्याच्या हातानं मी कधी दाढी केली नाही. मले नाही जाचं, बस."

दामिनी बिचारी मान खाली घालून कामाला लागली. पाना रॉकेलच्या डब्यात, पक्कड रॉकेलच्या डब्यात, हातोडी रॉकेलच्या डब्यात, आणि पाठोपाठ मी! माझे सगळे केस त्या तेलात बुडाले. संपलं, असंच वाटलं मला.

"अवं पोरी! लोखंड आहे काय ते?"

शामराव खुर्चीवरून उठले होते! एवढ्या जोरात त्यांना बोलताना घराने कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

"केस आहेत ना ते! काढ, काढ लवकर!"

"सॉरी आबाजी! मले वाटलं सगळंच घासतेलात साफ होते. प्लांटमध्ये तर सांगतात, सब कुछ इसी में डुबाओ."

मग मोरीपाशी जी धांदल उडाली! दामिनीने पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं, तर शामराव पुन्हा ओरडले, "उकळतं नोको! गोंद सुटन, केस गळन. कोमट घे." दोन वेळा शाम्पू लावला, तिसऱ्यांदा लावला तेव्हा कुठे रॉकेलचा वास गेला. पण जुना साबण हटेना. "घरात सिरका आहे ना? दोन चमचे पाण्यात टाक. थोडा वेळ भिजू दे." सिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या, पाण्यात पांढरा थर हळूहळू सुटला आणि माझा एकेक केस मोकळा झाला. दामिनी मला कपड्यासारखं पिळायला निघाली, तेव्हा शामरावांनी तिचा हात धरला. "पिळू नोको बाई. हलकं दाब. मंग झटक, आन् केस खाली करून टांग."

तिच्या हातावर त्यांचा थरथरता हात होता. तो तिने पाहिला, त्यांनीही पाहिला.

"हात माझा, सांगणं तुमचं," दामिनी हळूच म्हणाली. "दाढीचं पण असंच करू ना, आबाजी?"

शामराव दाढी कुरवाळत आत गेले. मी खुंटीवर टांगलेला, जीव मुठीत धरून! जमेल का? फेस येईल का? की पहिल्याच फेऱ्याला सगळे केस दामिनीच्या हातात येतील?

आज सकाळी शामराव स्वतःहून आरशासमोर येऊन बसले. दामिनीने मला भिजवलं, साबणावर फिरवलं, आणि आला की हो फेस! दाट, पांढराशुभ्र, वाटी भरून! दोन केस गळले, पण ते मी मनावर घेतलं नाही. "जोरात दाबू नोको, गोल फिरव," शामराव सांगत होते, आणि त्यांच्या गालावरून फिरताना मला रडू येत होतं. आनंदाचंच रडू, मित्रांनो.

दाढी झाली. शामरावांनी दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि आरशात बराच वेळ पाहिलं.

"आता मास्क बसन," ते म्हणाले.

पाटावर पाना, पक्कड, हातोडी यांच्या ओळीत मलाही जागा मिळाली. माझ्या मुठीला कुंकू लागलं! मग शामराव दामिनीसोबत मांडवात गेले. मी खिडकीकडे कान लावून होतो. कवडूकाकांचा आवाज आला, "एक! दोन! तीन!" आणि नारळ फुटला. पहिल्या फटक्यात नाही, तिसऱ्या फटक्यात. पण शामरावांच्याच हातून.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी कपाटात, पेटीत अंधारात पडलेलं असेल. त्याला कोमट पाणी दाखवा, मोकळी हवा दाखवा. आणि घरातलं एखादं माणूस आरशापासून दूर पळत असेल, तर त्याच्याजवळही जरा बसा. नीट विचारा, त्याचं ऐका. पिळू नका.

दामिनीने मला धुऊन पुन्हा खुंटीला टांगलंय. शेवटचा थेंब आत्ताच खाली पडला. लवकर वाळायला हवं मला. उद्या पुन्हा दाढी आहे!