अर्धा हत्ती

तीन फोटो टेबलावर ओळीनं मांडलेले होते. त्यातला पहिला कोणता, हे प्रेमानंदला अकराच्या कार्यक्रमाआधी सांगायचं होतं, आणि घड्याळात सव्वादहा वाजून गेले होते.

पहिला आपणच निवडायचा, ही अट त्याचीच. बुलढाण्यात बियाणं आणि ठिबकच्या नळ्या विकणारा मोठा दुकानदार तो. भगवंतरावांच्या लहानशा संग्रहालयानं जुन्या इमारतींच्या फोटोंची स्पर्धा ठेवली, तेव्हा सगळा खर्च उचलायला तोच पुढं आला. मात्र म्हणाला, "परीक्षकांनी तीन निवडावे. त्यातून पहिला मी निवडीन. अन् तो माह्या दुकानाच्या कॅलेंडरवर छापीन." त्याचं कॅलेंडर जिल्ह्यात सहा हजार घरांत लागायचं. भगवंतराव जन्मभर ग्रंथपाल. वाद घालणं त्यांना जमत नसे. ते हो म्हणाले.

पहिला फोटो जुन्या विश्रामगृहाच्या व्हरांड्याचा. दुसरा एका गढीच्या दरवाजाचा. तिसऱ्यावर प्रेमानंदची नजर अडली.

त्याच्या गावची बारव होती ती. चौकोनी, खोल, चारी बाजूंनी पायऱ्या, तळाशी हिरवं पाणी. कोनाड्यांच्या खालून भिंतीभर दगडी हत्तींची रांग गेलेली; पुढच्याच्या शेपटीला मागच्याची सोंड. ही रांग जिथं तुटते, तिथंच फोटो काढणाऱ्यानं नेम धरला होता. तिथल्या हत्तीचं मागचं अंग तेवढं भिंतीत होतं. पुढं काळं भगदाड.

उरलेला अर्धा हत्ती कुठं आहे, हे प्रेमानंदला ठाऊक होतं. गावापलीकडच्या त्याच्या मळ्यात, विहिरीच्या काठाला, तो पालथा पडला होता. बेचाळीस वर्षं त्याच्यावर घरची धुणी आपटली जात होती.

तेव्हा प्रेमानंद सतरा वर्षांचा होता. बाप म्हणाला, मळ्यात धुण्याले सपाट दगड पाहिजे, बारवेतला एक सुटत आला आहे. पहाटे बैलगाडी नेली. सांधा नेमका हत्तीच्या पोटावर होता. पहार प्रेमानंदनंच घातली.

आठ दिवसांनी गावात बोंब उठली. बारवेतल्या देवीपुढं दिवा लावायचा मान कडूबाच्या घराकडं होता; रोज खाली उतरणारा तोच. म्हणून दगड त्यानंच कोणाला तरी विकला, असं ठरलं. पंचांनी त्याच्याकडून दिवा काढून घेतला. पोरं त्याला दगडविक्या म्हणू लागली आणि ते नाव पुढं त्याच्या घरालाच चिकटलं. त्या पंचांत प्रेमानंदचा बाप बसला होता. प्रेमानंद दाराशी उभा राहून सगळं ऐकत होता.

"मग, काय ठरतंय?" भगवंतराव चष्मा पुसत म्हणाले. "माझं विचाराल तर... म्हणजे मी काही जाणकार नाही... पण तिसरा."

"दोन नंबर," प्रेमानंद म्हणाला.

"दोन?"

"दरवाजा बरा दिसते कॅलेंडरवर. हे भगदाड कोन लावन घरात?"

भगवंतरावांनी मान डोलावली आणि चिठ्ठीवर दोनाचा आकडा लिहिला. नाराजी लपवणं त्यांना साधलं नाही. निवड झाल्यावरच फोटोमागचं नाव वाचायचं असा नियम होता. त्यांनी तिसरा फोटो उलटा केला. "प्राची. अहो, ही तर तुमच्याच गावची! आजोबांना घेऊन आलीय. कडूबा म्हणून आहेत. बाहेर बसलेत बघा."

प्रेमानंदनं रुमालानं कपाळ पुसलं. महिना डिसेंबरचा होता.

बाहेरच्या दालनात खुर्च्या भरत आल्या होत्या. त्याच्या सत्काराला गावाहून जीपभर माणसं आली होती. तिन्ही फोटो मोठे करून नुकतेच भिंतीवर लावले होते, आणि तिसऱ्यासमोर त्याची माय उभी होती. अन्नपूर्णाबाईंचं वय ऐंशीच्या पुढं. ऐकू कमी यायचं, म्हणून बोलणं सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं. शेजारी काठी टेकलेला कडूबा आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेली प्राची.

"लय वाळला रे कडूबा तू," माय म्हणत होती.

"अन् तू का तशीच हाय का वहिनी? आरशात पाह्य जरा."

माय खळखळून हसली आणि फोटोजवळ वाकली. बोट हत्तीच्या पाठीवरून फिरवत भगदाडाशी आणलं. "अवं, हा तं आपल्या—"

"माय!" प्रेमानंद दोन ढांगांत तिथं पोचला. "चाल, पुढं बस. खुर्ची ठेवली तुह्यासाठी."

"राम राम शेठ," कडूबा म्हणाला. "नातीनं काढला हा फोटो. म्या म्हनलं, बाई, दुसरं काई काढ. आयकतच नाही."

"काऊन काढू दुसरं?" प्राची म्हणाली. "आबा, तुम्ही विकला नाही ना दगड? मंग पाहू द्या न लोकाइले. सहा हजार घरात जाते म्हनते हे कॅलेंडर. एकाच्या तरी घरी असन तो अर्धा हत्ती. वळखीन तो."

प्रेमानंदनं मायचा दंड धरला आणि तिला पहिल्या रांगेत आणून बसवलं. तो वळणार, तोच तिनं त्याचं मनगट पकडलं. या खेपेला तिचा आवाज हळू होता.

"तिचा फोटो निवडला का?"

"नाही."

"तुह्या बापाच्या भेवानं म्या तोंड उघडलं नाही. बाप जाऊन वीस वर्सं झाले. तुले आता कोनाचं भेव हाय?"

"माय, लोक काय म्हनतीन?"

"कडूबाले काय काय म्हनले, ते आयकलं ना तू?"

माइकवरून त्याचं नाव पुकारलं गेलं. तिनं मनगट सोडलं.

मंचावर शाल झाली, नारळ झाला. भगवंतरावांनी त्याच्या हातात चिठ्ठी दिली. प्रेमानंदनं खिशातून भाषणाचा कागद काढला. पहिलंच वाक्य होतं, आपला वारसा आपणच जपला पाहिजे. त्यानं कागद पुन्हा घडी घालून खिशात ठेवला. समोर दुकानाची गिऱ्हाइकं होती, जीपमधली माणसं होती. कडूबा तिसऱ्या रांगेत, ऐकायला कानामागं हात धरून.

"पहिला नंबर," प्रेमानंद म्हणाला आणि थांबला. माइक घूं घूं करत राहिला. "तीन. बारवेचा फोटो."

भगवंतराव दचकले. टाळ्या सुरू झाल्या. प्राची उभी राहिली.

"टाळ्या थांबवा," प्रेमानंद म्हणाला. "ह्यातला अर्धा हत्ती माह्या मळ्यात हाय. धुण्याचा दगड हाय तो आमचा. कडूबाकाकानं विकला नाही. माह्या बापानं अन् म्या नेला. पहार म्या घातली होती."

"शेठ, काऊन मजाक करून राह्यले?" जीपमधल्यांपैकी कोणी तरी म्हणालं. कोणी हसलं नाही.

कडूबा उठला. प्राची त्याला धरायला गेली, तर त्यानं तिचा हात झटकला. काठी टेकत टेकत तो मंचाशी आला. आता काठी उगारतो, असं प्रेमानंदला वाटलं. उगारली असती तर बरं झालं असतं.

"सोंड फुटली का?" कडूबानं विचारलं.

"आं?"

"हत्तीची सोंड. दिवा लावताना म्या रोज पाहो. दाताची कोर आधीच गेल्ती. सोंड हाय का?"

बेचाळीस वर्षांत प्रेमानंदनं तो दगड एकदाही उलटा करून पाहिला नव्हता.

"हाय, हाय!" पहिल्या रांगेतून माय मोठ्यानं म्हणाली. "शाबूत हाय. चिखल काढताना खालून हात लागते माह्या."

कडूबा सावकाश तिच्याकडं वळला. "म्हंजे तुलेही ठाव व्हतं, वहिनी."

मायनं पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली. तिच्याकडं कडूबानं मग पाहिलं नाही.

"दगड जागेवर नेऊन बसवतो, काका," प्रेमानंद म्हणाला.

"ते तं बसवशीनच. कॅलेंडर छाप. फोटोखाली लिही, आता बोलला तेच. इथं शंभर मानसं हायत. मले दगडविक्या म्हननारे समदे इथं नाहीत, घरोघरी हायत."

वर दुकानाचं नाव, मोठ्या लाल अक्षरांत. त्याखाली भगदाड, आणि त्याखाली हे. जिथं जिथं आपलं बियाणं जातं, तिथल्या प्रत्येक भिंतीवर, बाराही महिने. प्रेमानंदला ते समोर दिसलं.

"लिहितो," तो म्हणाला.

भगवंतरावांनी आतल्या टेबलावरचा तिसरा फोटो आणला, उलटा करून त्याच्यापुढं ठेवला आणि खिशातलं पेन काढून दिलं. "सावकाश लिहा," ते पुटपुटले.

प्रेमानंद लिहू लागला. कडूबाला वाचता येत नव्हतं. तो प्राचीच्या तोंडाकडं पाहत उभा राहिला.

"काय लिवलं?"

"अजून सोताचं नावच लिहिलं त्याइनं, आबा."

"लिहू दे," कडूबा म्हणाला. "म्या उभा हाय."